ही बॅटरी असेपर्यंत

पेण ते रोहा या पट्ट्यातल्या निम्म्या गाड्या सकाळी चालू होतात त्या आईच्या मामांच्या मेहेरबानीने, आणि उरलेल्या निम्म्या होत नाहीत त्या त्यांचं न ऐकल्यामुळे. हे मत त्यांचंच आहे, पण मी ते इतक्या वेळा ऐकलंय आणि इतक्या वेळा खरं ठरताना पाहिलंय की आता ते माझंही आहे असं म्हणायला हरकत नाही. रिक्षा, टेम्पो, वरातीचा जनरेटर, भाताच्या गिरणीसमोर उभा राहिलेला ट्रॅक्टर, कशाच्याही बॅटरीने मान टाकली की माणूस आधी मामांकडे येतो आणि मग दुकानात जातो. नात्याने ते माझे आजोबा लागतात, पण त्यांना आजोबा म्हटलेलं चालत नाही. "आजोबा भिंतीवर असतात, हार घालून," असं ते म्हणतात. म्हणून आईचे मामा ते माझेही मामा, गल्लीचेही मामा आणि रोह्याच्या बॅटरीवाल्याचेही मामाच. त्यांच्या बायकोला मात्र मी मामीआजी म्हणते. तिला ते चालतं, कारण तिच्या मते घरात एकाने तरी आपल्या वयाला मान द्यायला हवा.

मामांनी आयुष्यभर रोह्याच्या एका केमिकल कंपनीत गाड्यांची देखभाल केली. निवृत्त होऊन खूप वर्षं झाली. आता ते सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. (मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे हा आकडा म्हणण्याआधी मला अजूनही क्षणभर थांबावं लागतं. मामांना ते ठाऊक आहे आणि वय विचारणाऱ्यांना ते मुद्दाम माझ्याकडे पाठवतात.) गाडी तपासायची त्यांची एक पद्धत आहे. ते बॉनेटला हात लावत नाहीत. आधी मालकाला तपासतात. एकदा आमच्या पेणमधलेच एक दातांचे डॉक्टर नवीकोरी गाडी असून रोज सकाळी सेल्फ उचलत नाही म्हणून हैराण होऊन आले. मामांनी त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "आठवड्यातनं किती वेळा चालवता?"

"रविवारी, मामा."

"कुठवर?"

"मंडईपर्यंत. भाजी आणायला."

"म्हंजे सेल्फ मारताना जेवढं खर्चता तेवढंसुदिक परत भरत नाय तुम्ही. बॅटरी बदलू नका, डॉक्टर. भाजी रोह्यावरनं आणा."

डॉक्टर दर रविवारी रोह्याला भाजीला जाऊ लागले, गाडी सकाळी एका हाकेत उठू लागली आणि डॉक्टरांच्या बायकोने मामांशी बोलणं सोडलं. मामांना त्याचं काही वाटलं नाही. दुरुस्ती झाली की त्यांचा विषय संपतो. मालकाची झडती झाल्यावर ते हॉर्न वाजवून घेतात आणि डोळे मिटून ऐकतात. हॉर्नला सर्दी झाली असेल तर बॅटरी कमी भरतेय, आणि हॉर्न रडत असेल तर बॅटरी गेली. यात ते कधी चुकल्याचं मी पाहिलेलं नाही. "बॅटरी मरत नाय गो," ते मला सांगतात, "मारली जाते." आणि मग मारणाऱ्याकडे असं बघतात की तो माणूस पुढचे चार दिवस गाडीत गाणी लावत नाही.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक जुनी डिझेल जीप. चारही चाकांना ताकद देणारी, फोर-बाय-फोर. ही चैन त्यांनी उगाच केलेली नव्हती. रोह्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला त्यांचा जमिनीचा एक तुकडा आहे; पावसाळ्यात भात, भात कापल्यावर वाल. तिथे जायची वाट म्हणजे एका ओढ्याचं पात्र आहे, नुसते गोटे, पावसाळ्यात वर पाणी. रिक्षा तिथे जात नाही, दुचाकी गेली तर बसणारा परत येत नाही, आणि चालत जायचं म्हटलं तर मामांचे गुडघे केव्हाच संपावर गेलेत. त्यामुळे जीप आहे तर शेत आहे, हे सरळ होतं. जीपचा तो चारही चाकांचा दांडा खरं तर त्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरलाच लागतो, पण मामा दर रविवारी घरासमोरच्या मोकळ्या जागेत तो टाकून गाडी चार पावलं पुढे-मागे न्यायचे. गाडीला विसर पडू नये म्हणून.

या जीपच्या बॅटरीचे जेवढे लाड झाले तेवढे त्या घरात कुठल्याच मुलाचे झाले नसतील. तिच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी दिसली की मामा गरम पाण्यात खायचा सोडा घालून ती धुवायचे. त्यामुळे स्वयंपाकघरात सोडा कधीच नसायचा आणि मामीआजीची भजी कधीच फुलायची नाहीत. तिच्यात घालायचं डिस्टिल्ड पाणी फ्रिजमध्ये ठेवलेलं असायचं. ते थंड कशाला लागतं, हे विचारायची हिंमत कुणी केली नाही. एकदा माझ्या आईने चुकून तेच पाणी मामांच्या घरी मला बघायला आलेल्या पाहुण्यांना दिलं. मामा बाहेरून आले, रिकामी बाटली बघितली आणि पाहुण्यांना म्हणाले, "बॅटरीचं वर्षाचं पाणी प्यायलात तुम्ही!" स्थळ तिथेच थांबलं. मी मामांचे मनातल्या मनात आभार मानले. उघड मानले असते तर त्यांनी प्रत्येक पाहुण्याला तेच पाणी पाजलं असतं. सलग पावसात जीप चार दिवस उभी राहिली की बॅटरी काढून घरात यायची, आणि ती जमिनीवर नाही, पाटावर बसायची. दसऱ्याला सगळे गाडीला हार घालतात. मामा बॉनेट उघडून बॅटरीला वेगळं झेंडूचं फूल वाहायचे आणि तिच्या अंगावर मार्करने लिहिलेल्या बसवल्याच्या तारखेला हात लावून नमस्कार करायचे.

या भक्तीमागे एक करार होता, आणि तो साऱ्या घराला माहीत होता.

झालं होतं असं की एका पावसाळ्यात मामा आणि मामीआजी जीपने येत होते. खांब गावाजवळ हायवेचं काम चाललेलं होतं. मामांना वळणाचा बोर्ड दिसला नाही. म्हणजे बोर्ड होता, मामीआजीला दिसला, ती ओरडलीही. पण मामांची नजर तोवर अधू व्हायला लागली होती आणि कान तिच्या ओरडण्याला आधीपासूनच अधू होते. जीप रस्ता सोडून थेट कुणाच्या तरी लावणी झालेल्या भातात जाऊन बसली. मामीआजीच्या मांडीवर दह्याचं भांडं होतं. मामांनी शांतपणे चारही चाकांचा दांडा टाकला, चिखल उडवत गाडी परत रस्त्यावर आणली आणि अभिमानाने म्हणाले, "बघितलंस? म्हणून फोर-बाय-फोर." मामीआजीच्या पापणीवरून दही टपकत होतं. घरी आल्यावर आंघोळ करून, स्वच्छ लुगडं नेसून ती त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आजपासनं गाडी बंद. किल्ली द्या."

मामांनी घासाघीस केली. एकदम नाही, म्हणाले. परवाच नवी बॅटरी बसवलीय, ती वाया जाईल. "ही बॅटरी असेपर्यंत चालवतो. ही गेली की किल्ली तुझ्या हातात. मग मी स्टेअरिंगला हात लावला तर माझं नाव बदल." मामीआजीने शेजाऱ्यांकडे चौकशी केली. बॅटरी तीन वर्षं जाते, फार तर चार, असं कळलं. तिने हो म्हटलं. आपण हा करार कुणाशी करतोय, याचा विचार तिने तेव्हा केला नाही.

ती बॅटरी सात वर्षं चालली. चौथ्या वर्षापर्यंत ती खरोखर चालली. त्यानंतर तिला मामांनी चालवलं. पाचव्या वर्षी तिचा जोर कमी झाला तसे मामा उतारावर राहायला लागले. गाडी कायम उतारावर तोंड करून उभी करायची, म्हणजे सेल्फने नाही उचललं तर नुसता ब्रेक सोडायचा आणि घरंगळताना गिअर टाकायचा. आता याचा परिणाम असा झाला की मामांचं गणगोत उतारावर ठरायला लागलं. ज्याच्या घरासमोर उतार त्याच्याकडे जाणं-येणं, बारसं, सत्यनारायण, सगळं. ज्याचं घर सपाटीवर त्याची तब्येत फक्त फोनवर विचारायची. डोंगराच्या बाजूचे, एरवी ज्यांच्याशी जेमतेम ओळख, असे लोक त्यांचे जिवलग झाले. आणि मामीआजीची सख्खी बहीण राहते धरमतरच्या खाडीकडे, मिठागरांच्या मुलखात, जिथे पाणीसुद्धा कुठे वाहावं या विचारात उभं असतं. दोन वर्षं मामा तिकडे फिरकले नाहीत.

"माझ्या भैणीने काय तुमच्यासाठी डोंगर आणायचा अंगणात?" मामीआजी विचारायची.

"डोंगर नको गो. चार हात चढ पुरे."

हे तिच्या बहिणीच्या यजमानांपर्यंत पोचलं. ते मिठागरात जन्म गेलेले गृहस्थ, बांध घालणं त्यांच्या हाताचा मळ. त्यांनी आठ दिवसांत अंगणात मातीचा व्यवस्थित चढ रचला, चोपून घेतला आणि निरोप पाठवला: "साडूंना सांगा, घाट तयार हाय." मामा गेले, चढावर गाडी लावली, पोटभर जेवले आणि निघताना चढाची पाठ थोपटून आले.

मामांचं आणि आमचं घर एकाच गल्लीत; तिथे तर धक्का हा सकाळचा कार्यक्रमच होता. दूधवाला, समोरचे मास्तर, कंपनीच्या बससाठी निघालेली मी. इस्त्रीच्या कपड्यांत मी कितीदा धक्का दिलाय याची गणती नाही. जीप खोकत चालू झाली की मामा खिडकीतून हात हलवायचे आणि दारातून मामीआजी ओरडायची, "मेली ती! कबूल करा, मेली!"

"मेली नाय, झोपलीय!"

"सात वाजता लोकं उठवतात तिला!"

"तुला कोण उठवतंय?" मामा म्हणायचे आणि वळणावर दिसेनासे व्हायचे.

हे असंच चालत राहिलं असतं, पण गेल्याच्या गेल्या जानेवारीत, एका शनिवारी मामा मला शेतावर घेऊन गेले. वालाला शेंगा धरल्या होत्या. येताना गडब गावापाशी पुढचा टेम्पो अचानक थांबला, मामांनी ब्रेक दाबला आणि जीप बंद पडली. सपाट रस्त्यावर. मामांनी किल्ली फिरवली. टक् असा आवाज आला. एरवी निदान घुरघुर व्हायची, त्या दिवशी फक्त टक्. कडेच्या दुकानातून चौघे आले, धक्का दिला, गाडी चालू झाली आणि आम्ही घरी पोचलो. मला वाटलं, रोजचंच आहे. पण मामांनी गाडी उभी करून बॉनेट उघडलं, बॅटरीच्या एकेका घराचं, म्हणजे सेलचं, पाणी काचेच्या नळीत ओढून उजेडात धरून बघितलं. शेवटच्या घराचं पाणी काळं होतं; आतल्या प्लेटा झडल्या होत्या. त्यांनी ते पुन्हा ओढलं, पुन्हा बघितलं. मग नळी धुतली, पुसली, डबीत ठेवली.

धक्का मारून गाडी अजून चालू होत होती. मामा गप्प बसले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. मामीआजीच्या म्हणण्याप्रमाणे ती तशी तीन वर्षं मेलेलीच होती. तिचा मृत्यू जाहीर करू शकेल असा अख्ख्या पट्ट्यात एकच माणूस होता. तो चपला काढून घरात गेला, मामीआजी वालाच्या शेंगा सोलायला बसली होती, तिच्यासमोरच्या सुपात त्याने किल्ली ठेवली आणि म्हणाला, "गेली."

मामीआजीने वर बघितलं. मला वाटलं ती जिंकल्यासारखं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "हात धुवा. चहा टाकते."

त्यानंतरचे तीन आठवडे त्या घरात जाणं मला जड जायचं. लोक येत होते, मामा त्यांना ओट्यावर बसवतही नव्हते. "दुकानात जा, त्यांच्याकडं मशीन हाय आता," असं सांगून परत पाठवायचे. हॉर्न ऐकायचे नाहीत. जीप दारात उभी होती आणि ते तिच्याकडे पाठ करून पेपर वाचायचे. शेतावर जाणं बंद झालं. तिकडे वाल वाळायला लागला असेल हे सगळ्यांना कळत होतं. मग एका रविवारी मामीआजीने मला स्वयंपाकघरात बोलावून फळीवरचे डबे दाखवले. तूरडाळ, रवा, लोणचं, मसाला. प्रत्येकावर मार्करने ठळक तारीख लिहिलेली होती. कधी भरला ती.

"सकाळधरनं हेच करतायत," ती हळू आवाजात म्हणाली. "काल मला विचारत होते, हळद कधीची हाय? हळदीची तारीख कोण ठेवतं गो?"

मला पटकन बोलता येत नाही. माझं बोलणं मनात तयार होईपर्यंत समोरच्याचा विषय बदललेला असतो. मामीआजीने कमरेची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"तुझं लायसन हाय ना?"

लायसन होतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पंधरा दिवस शिकून मी ते काढलं होतं आणि परीक्षेनंतर एकदाही गाडीला हात लावला नव्हता. मामांच्या जीपचा तर मला धाकच होता. हे सगळं मी एका "हो"मध्ये सांगायचा प्रयत्न केला.

"त्यांच्या हाती किल्ली द्यायची नाय, शब्द म्हंजे शब्द. त्यांनी पाळला, मी मोडायला लावणार नाय. पण तू चालवलीस तर त्यांना शेतावर नेता येईल. तुला जमत नसेल तर मोकळेपणाने नाय म्हण. मग विकू. दारात ठेवून त्यांना रोज कशाला दाखवायची?" मग जरा थांबून म्हणाली, "मी त्यांना सांगितलंय, विकायची हाय, तर चालू करून विकू, बॅटरी घेऊन या. पुढच्या शनिवारी तू जा बरोबर. तोवर ठरव."

मामा शनिवारी तयार होऊन बसले होते. आम्ही एसटीने रोह्याला गेलो. किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि माझं काहीच ठरलेलं नव्हतं.

रोह्याचा बॅटरीवाला मामांना लांबून बघूनच उठून उभा राहतो. मामा दुकानात शिरले की त्याचा एक तास गेला, हे तो धरूनच चालतो. कधी तयार झाली याचा बॅटरीवरचा आकडा मामा भिंगातून वाचतात. तीन महिन्यांपेक्षा जास्त दुकानात बसलेली असेल तर "आळसावलेली" म्हणून परत पाठवतात. मोठ्यात मोठी बॅटरी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते तिथल्या तिथे झापतात: "मोठा हंडा घेतलास म्हंजे नळाला जास्त पाणी येणार काय? गाडीला जेवढी भरता येते तेवढीच घे." एकदा एका बॅटरीवर उणे अठरा अंश थंडीतली ताकद छापलेली होती. मामांनी ती वाचून दुकानदाराला गंभीरपणे विचारलं होतं, "रोह्याला बर्फ कधी पडायचा हाय, मला आधी कळव."

तर त्या दिवशी दुकानदाराने नेहमीप्रमाणे कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "बोला मामा. आज कुणाची?"

"माझी. जीपला. दे कुठलीही."

"कुठलीही?" त्याने माझ्याकडे बघितलं. "मामांना बरं नाय काय?"

"विकायची हाय गाडी," मामा म्हणाले.

दुकानदाराने दोन बॅटऱ्या काउंटरवर आणून ठेवल्या. एक कमी वॉरंटीची, एक जास्त. "मग मामा, ही छोटी वॉरंटीवाली बस्स झाली. उगाच लांबची कशाला घेता तुम्ही?"

तो सरळ बोलला होता, त्यात वाईट काही नव्हतं. आजवर मामांनी प्रत्येकाला लांबची वॉरंटीच घ्यायला लावली होती. "आपल्याला खात्री नाय तर बॅटरीला कुठनं येणार" हे वाक्य त्या दुकानात त्यांनी शंभरदा म्हटलं असेल. आता ते त्या लहान वॉरंटीच्या बॅटरीकडे बघत म्हणाले, "व्हय. पुरे हाय ती. बांध."

भिंग खिशातच होतं. आकडा त्यांनी वाचला नाही. आणि मग मला दिसलं की त्या बॅटरीचं प्लस टर्मिनल डाव्या हाताला होतं. आमच्या जीपची केबल उजवीकडून येते. डावीकडे ती चार बोटं कमी पडते. हे मला मामांनीच शिकवलेलं, रिक्षावाल्यांना ओरडताना ऐकून ऐकून पाठ झालेलं. साऱ्या पट्ट्याला प्लस-मायनस समजावणाऱ्या मामांनी स्वतःसाठी उलटी बॅटरी बांधायला सांगितली होती. ते तिच्याकडे बघतच नव्हते.

"प्लस उलट्या बाजूला आहे," मी म्हटलं.

मामांनी बॅटरीकडे बघितलं. "हां," ते म्हणाले. "व्हय की." आणि त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

मला वाटतं, माझं त्या वेळी ठरलं. मी दुकानदाराला म्हटलं, "ही नको. जास्त वॉरंटीची, उजव्या प्लसची दाखवा. गाडी विकायची नाहीये. मी चालवणार आहे."

मी आयुष्यात कुठल्याही दुकानात इतकं सलग बोलले नव्हते. दुकानदार म्हणाला, "तुम्ही? ती जीप?" मी पर्समधून किल्ली काढून काउंटरवर ठेवली. पुरावा म्हणून.

मामा किल्लीकडे बघत राहिले. ती कुणी दिली हे विचारायची गरज नव्हती. किल्लीला मामीआजीच्या कमरेचा लाल गोंडा तसाच होता. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं, जसं गाडीआधी मालकाला निरखतात तसं.

"क्लचवर पाय पोचतो काय गो तुझा?"

"पोचेल."

"पोचेल नाय. पाठीमागं उशी घ्यायला लागेल." आणि ते दुकानदाराकडे वळले. चष्मा नाकावर चढला, भिंग बाहेर आलं. "ही कधीची? चार महिन्यांची? काय पेन्शन घेऊन बसलीय काय तुझ्याकडं? आतली काढ. आतली, गोडाऊनमधली, मला माहीत हाय काल मालाची गाडी उतरलीय तुझी. आणि जाड प्लेटांची दे. शेतावर जायची हाय ती, ओढ्यातनं. डांबरावर चालणारी आणि दगडांत नाचणारी, दोघींना एकच माप लावायचं नाय. क्लॅम्प नवीन दे. जुना मी सायकलच्या ट्यूबने बांधलेला, ते हिला नाय जमायचं."

दुकानदाराच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी पाहिलं तसं समाधान कुठल्याच विक्रेत्याच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. त्याने चार बॅटऱ्या आत-बाहेर केल्या, घाम पुसला आणि एकदाही तक्रार केली नाही. सव्वा तास लागला. शेवटी तो वॉरंटी कार्ड लिहायला बसला. "नाव मामांचंच ना?"

"हिचं," मामा म्हणाले, आणि माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव एकेक अक्षर सावकाश सांगत राहिले. पोराचं नाव शाळेत घालताना सांगतात तसं. पहिलं कार्ड त्यांनी खाडाखोड झाली म्हणून फाडायला लावलं.

वाल त्या वर्षी निम्मा हाती लागला. ओढ्यातून पहिल्यांदा जीप नेताना माझे हात इतके घामेजले होते की स्टेअरिंग निसटत होतं. मामा डावीकडे बसून दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून धरायचे. हात आपोआप गिअरकडे जात असत. "उभी कर. आता दांडा टाक. घाई नाय. गाडीला ठाऊक हाय वाट, तू फक्त मध्ये येऊ नको." मागच्या सीटवर मामीआजी असायची, कारण आता तिला गाडीची भीती वाटत नव्हती, खरं तर तिची भीती गाडीची नव्हतीच, मामांच्या चालवण्याची होती, असं तिने मला नंतर सांगितलं. लोक पुन्हा ओट्यावर यायला लागले. मामा त्यांच्या हॉर्नचं निदान करून झाल्यावर माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "सेल्फ दाबून धरते ही. तीन सेकंदांच्या वर धरायचा नाय असं लिहून दिलंय, तरी धरते. पण बॅटरी चांगली हाय, सोसते."

आता दोन वर्षं झाली. आम्ही दर पंधरा दिवसांनी शनिवारी जातो. मामांचं बोलणं पेण सोडल्यापासून सुरू होतं आणि त्यात माझं कौतुक एकदाही आलेलं नाही. पण अलीकडे परतीच्या वाटेवर ते गप्प होतात. आधी वाटायचं, शेतावर दमतात. परवा नागोठणं मागे पडलं तेव्हा मी बाजूला बघितलं. त्यांची मान छातीवर आली होती, हात मांडीवर सैल पडले होते. मामीआजी त्या दिवशी आली नव्हती. ऊन तिरकं होऊन त्यांच्या तोंडावर येत होतं आणि त्यांनी तोंड फिरवलं नव्हतं. इतकी शांत ती जीप मी कधी ऐकली नव्हती.

पुढे एक ट्रक होता. मी वेग कमी केला आणि मुद्दाम क्लच अर्धाच दाबून तिसरा गिअर टाकला. गिअरबॉक्स किंचाळला. मामा हलले नाहीत. मी पुन्हा चौथा टाकला, पुन्हा अर्ध्या क्लचवर तिसरा. आवाज असा आला की ट्रकवाल्याने आरशात बघितलं.

"क्लच पुरा दाब गो," मामा डोळे न उघडता म्हणाले.

मी "बरं" म्हटलं, आणि पेण येईपर्यंत एकही गिअर नीट टाकला नाही.